झोन दिसला म्हणजे औषध झालं का?

मागच्या अंकात तुळशीच्या अर्काबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यात एवढंच म्हटलं होतं की जंतू काचेच्या प्लेटमध्ये मरणं वेगळं आणि माणसाच्या अंगात मरणं वेगळं, तर त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत, पण पुष्कळ जणांचे प्रश्न एकमेकांत मिसळतात, त्यामुळे बघा, तुमचंही उत्तर यातच कुठेतरी सापडेल. एक गोष्ट आधी सांगते, जंतू पसरलेल्या प्लेटमध्ये छोटं भोक पाडतात, ती ‘वेल’, तिच्यात अर्क टाकतात, किंवा औषध लावलेली छोटी कागदी चकती ठेवतात, ती ‘डिस्क’, आणि भोवती जंतू न वाढलेलं जे मोकळं वर्तुळ दिसतं तो ‘झोन’.

प्रश्न: मॅडम, मी टीवाय मायक्रोला (मायक्रोबायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला) आहे, डोंबिवलीला राहते. प्रोजेक्टला कडुलिंबाच्या पानांचा मिथेनॉलमध्ये अर्क काढला आणि वेल पद्धतीने टेस्ट केला. स्टॅफवर (स्टॅफिलोकॉकस जंतूवर) १८ मिमीचा झोन आला, ई. कोलायवर ९ मिमी. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या डिस्कला ३० च्या वर आहे. कन्क्लूजनमध्ये ‘कडुलिंब हा अँटिबायोटिकला पर्याय आहे’ असं लिहू का? सगळे सीनियर तसंच लिहितात.

उत्तर: नको गं, तसं नको लिहूस. तुझं काम वाईट आहे म्हणून नाही, चांगलं आहे म्हणूनच म्हणतेय, त्या एका वाक्याने ते वाया जाईल.

आधी हिशेब कर. तू लिहिलंयस की अर्क १०० मिग्रॅ प्रति मिली होता आणि वेलमध्ये १०० मायक्रोलिटर टाकला, म्हणजे त्या भोकात कडुलिंबाचा १० मिलिग्रॅम अर्क गेला. सिप्रोच्या डिस्कमध्ये औषध असतं ५ मायक्रोग्रॅम. १० मिलिग्रॅम म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे तू दोन हजार पट माल टाकलास आणि तरी झोन लहान आला. आता ‘पर्याय’ हा शब्द तुझा तुलाच खटकेल. पण याची दुसरी बाजूही आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. सिप्रो शुद्ध आहे आणि तुझा अर्क म्हणजे हिरवा रंग, मेण, साखर, टॅनिन सगळ्याची मिसळ, त्यात कामाचं द्रव्य कदाचित हजारात एक भाग असेल, आणि ते एकटं वेगळं काढलं तर कदाचित जोरदार निघेल. कदाचित. ते कळायला अर्काचे भाग करत जायचं, हेक्झेनमध्ये काय उतरतं, एथिल अ‍ॅसिटेटमध्ये काय उतरतं, आणि प्रत्येक भाग पुन्हा जंतूंवर टाकून बघायचा. टीवायच्या एका सेमिस्टरमध्ये हे होणार नाही, पण ‘पुढे काय करता येईल’ या भागात नक्की लिही.

ई. कोलायवरच्या ९ मिमीबद्दल. वेलचं भोकच ६ मिमीचं असतं, म्हणजे कडेला जेमतेम दीड-दीड मिमी मोकळं झालंय, ते ‘अ‍ॅक्टिव्हिटी आहे’ म्हणून ठोकून लिहू नकोस. वनस्पतींच्या अर्कांच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे, ई. कोलायसारख्या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, पुष्कळ द्रव्यं तिथेच अडतात, आणि जी आत शिरतात ती जंतू आपल्या पंपाने परत बाहेर फेकतो. पंप स्टॅफकडेही असतात. आपल्या दारुहळदीत जे पिवळं बर्बेरिन असतं ना, ते स्टॅफ असंच बाहेर टाकतो, म्हणून एकटं बर्बेरिन फारसं चालत नाही. २००० साली अमेरिकेत दारुहळदीच्या जातभाईवर काम झालं, त्यात दिसलं की त्याच झाडात दुसरं एक द्रव्य आहे, ते स्वतः जंतू मारत नाही पण तो पंप बंद पाडतं, मग बर्बेरिन आत टिकतं. मी ते वाचलं तेव्हा दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हतं, कारण द्रव्यं वेगळी करत बसलेल्या माणसाच्या हातून नेमकी ही जोडीच सुटू शकते.

आता कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी अर्काशिवाय केलेली तीच टेस्ट. पत्रात तू कंट्रोलबद्दल काहीच लिहिलं नाहीस म्हणून थोडी काळजी वाटली. नुसत्या मिथेनॉलची वेल लावली होतीस का? मिथेनॉल स्वतः जंतू मारतं. मी नोकरीला लागले त्या वर्षी आमच्या लॅबमध्ये एका बॅचचं तीन महिन्यांचं काम आम्हाला टाकून द्यावं लागलं होतं, सगळ्या प्लेट्सवर सुंदर गोल झोन होते, आणि शेवटी कुणीतरी नुसतं सॉल्व्हंट टाकून बघितलं तर तिथेही तसाच गोल. त्या मुलींचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत. मिथेनॉल पूर्ण उडवून टाक, उरलेला चिकट गाळ तोलून डीएमएसओ या दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये विरघळव आणि तेवढ्याच डीएमएसओची एक वेल शेजारी लाव.

आणि पानं कधी वाळवलीस? जून-जुलैत असेल तर विचारतेय. आपल्याकडे पावसाळ्यात ब्लॉकमध्ये पेपरवर पसरलेली पानं वाळत नाहीत, वरून कोरडी वाटतात आणि खालून बुरशी धरते, आणि बुरशीतूनच तर फ्लेमिंगला १९२८ साली पेनिसिलिन सापडलं होतं, तेव्हा झोन पानाचा की बुरशीचा हे तुला कसं कळणार? पान बोटांत चुरलं की कुरकुरीत मोडलं पाहिजे आणि कुबट वास अजिबात नको. बाजारातली तयार पूड घेतली असशील तर तिच्यात स्वतःचेच जंतू भरपूर असतात. जंतू न लावलेल्या प्लेटवर नुसता अर्क टाकून ३७ डिग्रीला रात्रभर ठेव, सकाळी भोकाभोवती पांढरट वाढ दिसली तर अर्कच घाण आहे. तो ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) मात्र करू नकोस, १२१ डिग्रीला काय टिकेल याची खात्री नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ.

शेवटचं म्हणजे झोनवर थांबू नकोस, एमआयसी कर, म्हणजे कमीत कमी किती अर्काने जंतूंची वाढ थांबते ते काढ. झोनचा आकार द्रव्य अगारमध्ये (प्लेटमधल्या जेलीत) किती पसरतं यावरही ठरतो, तेलकट द्रव्य जोरदार असलं तरी पसरत नाही आणि झोन इवलासा येतो. ९६ खळग्यांची प्लेट घे, दर खळग्याला अर्क निम्मा निम्मा करत जा, जंतू घाल, दुसऱ्या दिवशी रेझाझुरिन या निळ्या रंगाचा थेंब टाक, जिथे जंतू जिवंत तिथे निळ्याचा गुलाबी होतो. हे बघायला फार छान वाटतं, एका ओळीत निळं निळं निळं आणि मग एकदम गुलाबी. निळा राहिलेला शेवटचा खळगा म्हणजे तुझा आकडा. या क्षेत्रात साधारण असं धरतात की अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आली तर पुढे शोधण्यासारखं काही आहे आणि १००० च्या वर गेली तर फारसं नाही. आकडा १००० च्या वर गेला तरी लिही. ‘नाही चालत’ हाही रिझल्टच आहे आणि पुढच्या मुलीचं वर्ष वाचतं.

प्रश्न: आमच्याकडे सासूबाईंपासून अडुळशाचा काढा आहे, मध घालून. गिरगावातल्या आमच्या चाळीत निम्मी पोरं त्यावरच मोठी झाली. आता सून म्हणते, याला काही पुरावा आहे का, यात अँटिबायोटिक आहे का? नातू दहा महिन्यांचा आहे, खोकला आहे. तिला काय सांगू?

उत्तर: काकू, उत्तर पुढे देते, आधी हे वाचा. दहा महिन्यांच्या बाळाला मध देऊ नका, चाटवूसुद्धा नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मधातले बोटुलिझमचे बीजाणू वाढू शकतात आणि त्याने बाळ लुळं पडतं, क्वचित होतं पण होतं. काढाही इतक्या लहान बाळाला घरच्या घरी नको. डॉक्टरांना दाखवा, आणि बाळाचा श्वास भराभर चालत असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल तर उद्यावर टाकू नका.

आता सूनबाईंचा प्रश्न. तो चांगला आहे, तिच्यावर रागावू नका. अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावर काम करत करत शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन तयार केलं, आणि ब्रोमहेक्सिन शरीरात गेलं की त्याचं जे होतं ते अ‍ॅम्ब्रॉक्सॉल. घरातल्या कफ सिरपच्या बाटल्या काढून मागचं बारीक अक्षर वाचा, दोन्हीपैकी एक नाव बहुतेक सापडेल. म्हणजे तुमच्या सासूबाईंचा अडुळसा आणि सूनबाईंची बाटली नात्यातल्याच आहेत. पण यांचं काम कफ पातळ करून सुटा करणं हे आहे, जंतू मारणं नाही. अडुळशाच्या अर्काने प्लेटमध्ये जंतू अडल्याचे रिपोर्ट आहेत, पण तेवढ्यावरून काढा म्हणजे अँटिबायोटिक असं होत नाही, आणि पोरांचा सर्दी-खोकला बहुतेक वेळा व्हायरसचा असतो, तिथे खरं अँटिबायोटिकसुद्धा उपयोगाचं नसतं. मला वाटतं आपण उगाच प्रत्येक पानाला ‘जंतुनाशक आहेस का’ म्हणून विचारत बसतो, अडुळसा ज्यासाठी चांगला आहे त्याच्यासाठी चांगला असू दे ना.

आणि एक, सूनबाईंना पुन्हा दिवस गेले तर त्यांनी अडुळसा घ्यायचा नाही, व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं.

प्रश्न: मी बोरिवलीला राहतो. नॅशनल पार्कच्या आतल्या पाड्यावर एक आजी आहेत, त्यांना झाडपाला फार चांगला माहीत आहे, जखम चिघळली तर एक पाला वाटून लावतात आणि जखम सुकते, मी स्वतः बघितलंय. त्यांनी पाल्याचं नाव सांगितलं पण पुस्तकात सापडत नाही. तो लॅबमध्ये देऊन टेस्ट करून घ्यायचा विचार आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर: दादा, सुरुवात लॅबपासून करू नका, आजींपासून करा. आणि पार्कातून काही तोडून आणू नका, तिथे पान तोडायलाही परवानगी लागते. तेच झाड बाहेर, पार्काच्या हद्दीपलीकडे कुठे आहे का ते आजींनाच विचारा, बहुतेक असतं.

त्यांच्याजवळ बसून त्या नेमकं काय करतात ते लिहून काढा. कोवळं पान की जून? पाण्यात वाटतात की तेलात? ताजंच लावतात की आदल्या दिवशीचं चालतं? उकळतात का? हे बारकावे तुम्हाला बिनकामाचे वाटतील पण सगळी किल्ली तिथे असते. चीनमध्ये तू यूयू या बाईंनी मलेरियाचं आर्टेमिसिनिन शोधलं, २०१५ चं नोबेल मिळालं त्यांना. झाड जुन्या ग्रंथांत होतं, पण उकळून काढलेल्या अर्काचा गुण कधी यायचा, कधी नाही. मग त्यांनी चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात पुन्हा वाचलं, तिथे लिहिलं होतं मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा, उकळायचं कुठेच नव्हतं. म्हणजे उष्णतेने द्रव्य मरत असणार असा त्यांनी तर्क केला, कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि १९७१ मध्ये गुण आला. ते औषध मलेरियाचं, जिवाणूंचं नाही, पण धडा तोच. आजी पाण्यात वाटत असतील आणि लॅबवाल्यांनी मिथेनॉलमध्ये काढलं, तर जो रिझल्ट येईल तो आजींच्या औषधाचा नसेलच. दोन्ही करायला सांगा.

मग झाडाची ओळख. पाड्यावरचं नाव एक, गावचं दुसरं, संस्कृत तिसरं. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून दोन अगदी वेगळी झाडं विकली जातात, एकाची पानं बारीक मांसल आणि दुसऱ्याची गोल कातरलेली. अशोकाचं तर काय सांगू, सोसायट्यांच्या गेटजवळ जी उंच सरळ झाडं असतात तो सीतेचा अशोक नव्हेच, आणि त्याची साल अशोकसाल म्हणून विकली जाते. म्हणून एक फांदी घ्या, शक्यतो फुलासकट किंवा फळासकट, वर्तमानपत्रात दाबून वाळवा, कुठून आणली आणि तारीख लिहा, आणि धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या झाडांचा संग्रह) आहे, १९०६ पासूनचं, तिथे ओळख पटवून घ्या. नुसतं पान नेलंत तर ते तरी काय करणार, फूल हवंच. ओळख न पटवता केलेली टेस्ट कितीही चांगली निघाली तरी ती कशाची टेस्ट होती ते कुणालाच कळणार नाही.

आता शेवटी लॅब, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. यातून पुढे कुणी क्रीम काढणार असेल, कंपनी येणार असेल, तर आजींचं आणि पाड्याचं नाव आणि वाटा आधी कागदावर आला पाहिजे. जैवविविधता कायदा २००२ पासून आहे, धंद्यासाठी वापर असेल तर राज्य जैवविविधता मंडळाकडे जावं लागतं, ऑफिस नागपूरला आहे. केरळात काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या झाडापासून ‘जीवनी’ नावाचं औषध निघालं आणि लायसन्सच्या पैशातला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं, म्हणजे मनात आणलं तर होतं. हळदीने जखम भरते याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं, ते डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ मध्ये रद्द करवलं, कारण ही गोष्ट आधीपासून लिहिलेली होती. तुमच्या आजींचं कुठेच लिहिलेलं नाही. त्या ‘हो’ म्हणाल्या तरच पुढे जा, आणि ‘नाही’ म्हणाल्या तर तो पाला तिथेच राहू दे.

प्रश्न: लसूण कच्चा खावा की शिजवून? कशात जास्त अँटिबॅक्टेरियल असतं? (दादर)

उत्तर: अख्ख्या पाकळीत ते द्रव्य नसतंच. पाकळी ठेचली की आतलं एन्झाइम मोकळं होतं आणि अ‍ॅलिसिन तयार होतं, तो झणझणीत वास त्याचाच. १९४४ मध्ये ते वेगळं काढलं गेलं. आख्ख्या पाकळ्या थेट तापल्या तेलात टाकल्या तर एन्झाइम मरतं, म्हणून ठेचून दहा मिनिटं ठेवा आणि मग फोडणीला घाला. पण खाल्लेलं अ‍ॅलिसिन रक्तापर्यंत पोचत नाही, तेव्हा लसूण चवीसाठी खा, इन्फेक्शनवर उपाय म्हणून नको. आणि ठेचलेला लसूण गळवावर बांधायची पद्धत सोडून द्या, कातडी अक्षरशः भाजते.

प्रश्न: गुळवेल रोज सकाळी घेतो, करोनापासून चालू आहे. नैसर्गिक आहे तर किती दिवस घ्यावी? (ठाणे)

उत्तर: २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, झाडाची ओळख पटवलेली नाही. वाद काही असो, तुमच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच, की पिशवीतली काडी कशाची आहे ते तुम्हाला माहीत नाही आणि तुम्ही ती वर्षानुवर्षं पिताय. बंद करा, एकदा लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या आणि पुढचं वैद्यांना आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगून ठरवा.

प्रश्न: मुलगा आठवीत आहे, मुलुंडला शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. त्याला टॉयलेट सीटवरचे जंतू वाढवून त्यावर कडुलिंब टाकायचा आहे. प्लेट्स ऑनलाइन मिळतात. घरी करू द्यावं का?

उत्तर: टॉयलेटचे जंतू घरात अजिबात वाढवू नका. तिथे काय असेल ते माहीत नसतं, प्लेटवर ते करोडोंनी वाढतं, आणि कॉलेजच्या लॅबमध्येसुद्धा आम्ही ओळखीचे, पुण्याच्या किंवा चंदिगडच्या संग्रहातून आणलेले जंतू वापरतो आणि काम झाल्यावर सगळं ऑटोक्लेव्ह करतो. पण मुलाला नाही म्हणू नका, त्याच्यासाठी स्वयंपाकघरातच उत्तम जिवाणू आहेत, विरजणातले.

त्याला सहा सारख्या वाट्या द्या. दूध एकदाच तापवून कोमट करायचं आणि सगळ्यांत अर्धा कप ओतायचं. पहिल्या वाटीत फक्त विरजण, दुसरीत विरजण आणि एक चमचा उकळून गार केलेलं पाणी, तिसरीत विरजण आणि त्याच पाण्यात वाटून गाळलेला लसणाचा रस एक चमचा, चौथीत तसाच लवंगेचा, पाचवीत कडुलिंबाचा. सहावीत विरजण नाहीच, फक्त लवंगेचं पाणी, ही वाटी सगळ्यात महत्त्वाची, कारण लवंगेने दूध आपोआप फाटलं तर ते इथे कळेल, नाहीतर तो फाटलेल्या दुधाला दही समजेल. विरजण चमच्याने नको, ड्रॉपरने मोजून दहा-दहा थेंब. सगळ्या वाट्या एकाच जागी, झाकून. दर तासाला वाटी जराशी कलती करून बघायचं, दूध हलतं की थरथरतं की जागेवर बसलंय, आणि वेळ वहीत लिहायची. पीएच पट्टी मिळाली तर अजून छान.

काय होईल ते मी सांगत नाही, त्याला बघू दे. पण एकदा करून थांबू देऊ नका, तीन वेगळ्या दिवशी तीनदा करायला लावा, आणि एखाद्या दिवशी उलटं आलं तर तेही तक्त्यावर तसंच लिहू दे. वाट्यांतलं दही कुणी खायचं नाही, बेसिनमध्ये ओतून वाट्या गरम पाण्याने घासून ठेवा.